मक्याचा डबा आणि मेंडोझाची रेघ



अमेरिकेत बेसबॉलचा सामना चालू आहे. फलंदाजानं चेंडू उंच उडवलाय, पण फटक्यात जोर नाही. लांब उभा असलेला क्षेत्ररक्षक दोन पावलं पुढे येतो, वर बघतो आणि जागच्या जागी अलगद झेल घेतो. रेडिओवरचा निवेदक म्हणतो, "कॅन ऑफ कॉर्न!" म्हणजे मक्याच्या दाण्यांचा डबा.

हा डबा मैदानात आला तो किराणा दुकानातून. जुन्या काळी अमेरिकेतल्या गावोगावच्या दुकानांत गिऱ्हाइकानं स्वतः माल उचलायची पद्धत नव्हती. गल्ल्यामागे पार छतापर्यंत फळ्या असत आणि वरच्या फळ्यांवर डबे रचलेले असत. दुकानदाराकडे टोकाला आकडा लावलेली लांब काठी असे. आकडा डब्यामागे अडकवायचा, डबा हलकेच पुढे ओढायचा आणि तो कलंडला की दोन्ही हातांनी ॲप्रन पसरून झेलायचा. हे काम दिवसभर चाले, त्यामुळे हात इतका बसलेला असे की डबा सहसा चुकत नसे. सोप्या झेलाला हे नाव पडलं ते यावरून, असं सांगतात. मला ही हकीकत पटते. वर लागलेली नजर, खाली तयार असलेले हात आणि चेहऱ्यावरची निश्चिंती या तिन्ही गोष्टी दुकानदारात आणि क्षेत्ररक्षकात सारख्याच आहेत.

बेसबॉलच्या बोलीवर माझा जीव आहे तो याचसाठी. कोणी किती धावा केल्या हे विक्रमांच्या पुस्तकात मिळतं. पण त्या काळची माणसं पोटासाठी काय करत होती, कुठे बसत होती, कशावर पैसे लावत होती, हे या बोलीत राहून गेलंय.

अर्थात शब्दांमागची प्रत्येक गोष्ट डोळे मिटून घेण्यासारखी नसते. चेंडू टाकणाऱ्याला बेसबॉलमध्ये पिचर म्हणतात, आणि डावखुऱ्या पिचरला 'साउथपॉ', म्हणजे दक्षिणेचा पंजा. याची गोष्ट मोठी देखणी आहे. सामने दुपारी होत. उतरतं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्याचं तोंड पूर्वेकडे राहील असं मैदान आखत. साहजिकच समोरच्या पिचरचं तोंड पश्चिमेला आणि त्याचा डावा हात दक्षिणेला. १८८०च्या दशकात शिकागोच्या वार्ताहरांनी हा शब्द रूढ केला, असं सांगतात. मैदानाच्या दिशेची बाब खरी आहे. फलंदाजाच्या जागेपासून निघणारी मधली रेषा पूर्व आणि ईशान्य यांच्या मधोमध जावी, अशी सूचना नियमावलीत आजही आहे. पण हाच शब्द डाव्या हाताच्या ठोशासाठी १८४०च्या दशकात छापून आलेला आहे, आणि तेव्हा शिकागोत असली मैदानंच नव्हती. शब्द आधीचा, गोष्ट नंतर जुळवलेली.

'बुलपेन'चंही तसंच. बुलपेन म्हणजे राखीव पिचर जिथे हात मोकळा करतात ते आवार. शब्दशः बैलांचा कोंडवाडा. बुल डरहॅम नावाची तंबाखू तेव्हा प्रसिद्ध होती. १९०९च्या सुमारापासून तिच्या मालकांनी मैदानांच्या कुंपणांवर बैलाची प्रचंड चित्रं उभी केली. चेंडू मारून बैलाला लागला तर फलंदाजाला ५० डॉलर. राखीव पिचर या बैलाच्या सावलीत सराव करत, म्हणून बुलपेन! ऐकायला छान आहे. पण १८७७ सालीच सिनसिनाटीच्या एका वर्तमानपत्रात हा शब्द येतो तो वेगळ्या अर्थानं. उशिरा येणाऱ्या प्रेक्षकांना स्वस्तात आत घेऊन दोर बांधलेल्या जागेत दाटीवाटीनं उभं करत, त्या जागेला. आणि त्याही आधी, अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात, कैद्यांना डांबायच्या आवाराला बुलपेन म्हणत. मला हीच वाट खरी वाटते. आधी कैदी, मग गरीब प्रेक्षक आणि शेवटी वाट पाहत बसलेले पिचर.

जिच्याबद्दल शंकेला फार जागा नाही अशी एक गोष्ट मात्र सविस्तर सांगतो. १८९०च्या दशकात बाल्टिमोरचा ओरियोल्स हा संघ फार गाजत होता. १८९४, ९५ आणि ९६ अशी लागोपाठ तीन वर्षं त्यांनी नॅशनल लीग जिंकली. जॉन मॅक्‌ग्रॉ आणि विली कीलर हे त्यातले दोन चलाख फलंदाज. दोघंही चणीनं लहान. लांब फटके मारणं हे त्यांचं बळ नव्हतं. त्यांनी काय करावं? चेंडू पुढे न मारता वरून खाली, थेट पायांपुढच्या जमिनीवर आपटायचा. तिथली माती मुद्दाम टणक केलेली असे. मैदान राखणारे टॉम मर्फी यांचं ते काम. चेंडू उसळून इतका उंच जाई की तो खाली येईपर्यंत क्षेत्ररक्षकांना नुसतं वर बघत उभं राहावं लागे, आणि तेवढ्यात फलंदाज पहिल्या बेसवर पोचलेला असे. अशा फटक्याला आजही 'बाल्टिमोर चॉप' म्हणतात. नाव शहराचं लागलं, पण त्यातला निम्मा पराक्रम माती ठोकून कठीण करणाऱ्या माणसाचा आहे, असं मी म्हणेन.

आपल्या क्रिकेटचंही या बोलीशी जवळचं नातं आहे. बेसबॉलची धावपत्रिका ज्यांनी रूढ केली ते हेन्री चॅडविक मूळचे इंग्लंडमधल्या एक्झिटरचे. जन्म १८२४चा. लहानपणी ते अमेरिकेत आले आणि पुढे न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहू लागले. बेसबॉल पाहिल्यावर त्यांनी क्रिकेटच्या धावफलकाचा साचा तिकडे नेला. तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद झाला की आजही कागदावर 'के' हे अक्षर लिहितात, ते चॅडविकनी ठरवलेलं. 'स्ट्रक' शब्दातलं पहिलं अक्षर दुसऱ्या नोंदीसाठी गुंतलेलं होतं, म्हणून त्यांनी शेवटचं उचललं. क्रिकेटची हॅट्‌ट्रिकही तिकडे गेली. तिचा अर्थ मात्र पार उलटला. एकच फलंदाज एका सामन्यात तीनदा असा बाद झाला तर ती त्याची हॅट्‌ट्रिक. चारदा झाला, तर टोपी मोठी हवी, म्हणून 'गोल्डन सोंब्रेरो', मेक्सिकन पद्धतीची रुंद काठाची सोन्याची टोपी! उलट दिशेनंही देवाणघेवाण झाली. हनुवटीजवळून सणसणत जाणाऱ्या चेंडूला आपण 'चिन म्युझिक' म्हणतो, आणि १९९२च्या विश्वचषकात न्यूझीलंडनं मार्क ग्रेटबॅचला सलामीला पाठवलं तेव्हा 'पिंच हिटर' हा शब्द आपल्याकडे घरोघरी झाला. हे दोन्ही शब्द बेसबॉलचे.

आता रेडिओकडे येतो. ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या फोर्ब्ज फील्डवरून हॅरॉल्ड आर्लिन यांनी केडीकेए केंद्रावरून मोठ्या लीगच्या सामन्याचं पहिलं धावतं वर्णन केलं. तोवर ही बोली मैदानात आणि वर्तमानपत्रांत होती, ती आता स्वयंपाकघरात आणि न्हाव्याच्या दुकानात पोचली. बाळ ज. पंडितांच्या मराठी कॉमेंट्रीवर कान लावून बसलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

या निवेदकांत मला सगळ्यांत मोठे वाटतात ते रेड बार्बर. जन्म मिसिसिपीतला, वाढले फ्लोरिडात. १९३४ ते १९३८ सिनसिनाटीत आणि १९३९पासून ब्रुकलिन डॉजर्ससाठी ते बोलत. ब्रुकलिन म्हणजे देशोदेशींच्या स्थलांतरितांची वस्ती, आणि त्यांच्या कानावर हा दक्षिणेकडचा शांत, खेडवळ गोडवा. मैदानावर भांडण जुंपलं की ते त्याला 'ऱ्हुबार्ब' म्हणत. ती खरं तर एक आंबट भाजी. एखादा संघ भरात आला की तो वाटाण्याचा मळा तुडवत सुटलाय, असं म्हणत. आणि ज्याची बाजू भक्कम, तो 'कॅटबर्ड सीट'मध्ये बसलेला. कॅटबर्ड हा तिकडचा राखाडी पक्षी. तो मांजरासारखा आवाज काढतो.

हा शब्दप्रयोग कुठून मिळाला ते बार्बरनी स्वतःच सांगून ठेवलंय. सिनसिनाटीत मित्रांबरोबर पत्त्यांचा डाव रंगला होता. पोकर. हातात विशेष काही नसताना बार्बर बोली चढवत गेले. एकेक जण पानं टाकून बाजूला झाला. एक तेवढा टिकला. शेवटी त्यानं पानं उलटली तर एक्के! पैसे गोळा करताना तो म्हणाला की पहिल्यापासून मीच कॅटबर्ड सीटमध्ये बसलो होतो. पैसे मोजून घेतलेला शब्द आहे, तो माझाच, असं बार्बर मानत. १९४२ साली जेम्स थर्बर यांनी याच नावाची कथा लिहिली आणि हा प्रयोग बेसबॉल न पाहणाऱ्यांपर्यंतही गेला.

बार्बर समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू संपली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटं करायचं. मध्येच रेडिओ लावणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, हा त्यांचा नेम. आम्हा बोलणाऱ्यांनी तो आजही पाळावा.

आता एका माणसाबद्दल बोलायचंय, कारण या बोलीनं त्याच्यावर थोडा अन्याय केला असं मला मनापासून वाटतं. मारिओ मेंडोझा मेक्सिकोतल्या चिहुआहुआचे. १९७४ ते १९८२ ते अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये खेळले. १९७९ साली सिअॅटल मरिनर्सकडून त्यांची सरासरी होती ०.१९८, म्हणजे दहा संधींत दोन फटकेही पुरते नाहीत. बरोबरच्या खेळाडूंनी थट्टेत ०.२०० या आकड्याला 'मेंडोझा लाइन' म्हणायला सुरुवात केली. ती थट्टा कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेट यांच्या कानावर गेली. ते त्या काळचे अव्वल फलंदाज, १९८० साली त्यांची सरासरी होती ०.३९०. रविवारच्या पेपरात या रेघेखाली कोण कोण आहे ते आपण आधी बघतो, असं ते बोलून गेले. मग टीव्हीवर ईएसपीएनच्या ख्रिस बर्मन यांनी ती रेघ देशभर नेली. आता ज्यांनी मेंडोझांना कधी पाहिलं नाही तेही बाजारातल्या किंवा निवडणुकीतल्या घसरलेल्या आकड्यांसाठी त्यांचं नाव घेतात.

पण मेंडोझांची सगळ्या कारकिर्दीची सरासरी ०.२१५ होती, म्हणजे स्वतःच्या नावाच्या रेघेच्या वरच. आणि मोठ्या लीगनं त्यांना नऊ हंगाम ठेवून घेतलं ते फलंदाजीसाठी नव्हेच. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली, शॉर्टस्टॉपची अवघड जागा ते राखत. सणसणत येणारा चेंडू ते इतक्या सहज उचलत की मेक्सिकोत त्यांना 'मानोस दे सेदा' म्हणत, रेशमी हातांचा. अमेरिकेतून परतल्यावर ते मेक्सिकोत कित्येक वर्षं खेळले, तिथे फलंदाजीतही चमकले, पुढे संघांचे प्रशिक्षक झाले, आणि २००० साली तिथल्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव सन्मानानं लागलं.