बालकाच्या वाटीतील प्रथिन
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



शेंगदाण्याचे तेल गाळल्यावर जी पेंड उरते, तिच्यात निम्म्याच्या आसपास प्रथिन असते. ती पेंड गुरांपुढे जावी, परदेशी रवाना व्हावी आणि शेंग उपटणाऱ्या मजुराच्या मुलाचे हातपाय मात्र काडीसारखे राहावेत, ही विसंगती म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पन्नाशीच्या दशकात हेरली. तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ तीन भाग, हरभऱ्याचे एक भाग, वर कॅल्शियम व जीवनसत्त्वे, असे तिचे 'बहूद्देशीय अन्न' होते. ग्वाटेमालात मका व सरकीच्या पिठापासून 'इन्कापरिना' झाले, तेही याच विचाराने.

विचार खोटा नव्हता. अर्थकारण कच्चे होते. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली पेंड खाऊन टर्की पक्षी हजारोंनी मेले आणि अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळले. त्यानंतर दाणा निवडणे, तपासणे, कोरडा ठेवणे आले. गुरांची स्वस्त पेंड माणसाच्या ताटात येईतो स्वस्त राहत नाही. शिवाय डबाबंद माल घेण्यास रोख पैसा लागतो, आणि नेमका तोच भूमिहीनापाशी नसतो.

१९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी 'प्रथिन-संकटा'चा इशारा दिला. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी मात्र आकडेवारीनिशी निराळेच दाखविले. धान्य-डाळीचा नेहमीचा आहार पोटभर मिळाला, तर त्यात प्रथिन बहुधा पुरेसे असते. अन्नच अपुरे पडले की शरीर प्रथिनही सरपणासारखे जाळते. म्हणजे उणीव प्रथम भाकरीची. १९७४ साली मॅक्लॅरन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या साऱ्या प्रथिन-मोहिमेला फजितीच म्हटले.

तथापि सुखात्म्यांचे नाव पुढे करून कोणी डाळीला कात्री लावू पाहील, तर ते मान्य होण्यासारखे नाही. दोन वर्षांच्या मुलाचे पोट लहान. नुसत्या पातळ पेजेने ते भरते, गरज भागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मिश्रणाचे महत्त्व इथेच आहे. भाजलेले गहू ४० ग्रॅम, हरभरा १६, शेंगदाणे १०, गूळ २०. यातून सुमारे ३३० कॅलरी व ११ ग्रॅम प्रथिन मिळते. जाते, कढई आणि चार बाया एवढ्यावर हा कारखाना चालतो!

मग घोडे अडले कुठे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा वर्षांखालील बालकाला रोज ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिनाचा हक्क दिला. अंगणवाडीच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच बजावले होते. तरी महाराष्ट्रात महिला मंडळांच्या नावाआड बडे पुरवठादार शिरल्याचा वाद त्याच न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ साली ती कंत्राटे रद्द झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली.

२०१७ साली एका बालकामागे दर ठरला तो दिवसाला आठ रुपये. डाळ, दाणे, गूळ, सरपण, दळणाची मजुरी, वाहतूक हे सारे त्यात बसवायचे. त्या वर्षी डाळीचा भाव काय होता, आज काय आहे, याचा तक्ता प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने बाजारात फिरून स्वतः करावा, अंगणवाडीच्या वाटपाचे वजन त्याशेजारी लिहावे, आणि तो कागद घेऊनच जिल्हा परिषदेच्या सभापतींना गाठावे.