चर्चेला कारभारी लागतो

गावोगावच्या ग्रंथालयांतून आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

 

आपल्यापैकी अनेक ग्रंथालयांनी वाचकांचे व्हॉट्सॲप गट काढले आहेत. तिथे चालते काय? एखादी वाचक सकाळी कादंबरीबद्दल चार ओळी मनापासून लिहिते. त्याखाली दोन अंगठे, एक ‘छान’, मग सुप्रभाताची फुले, कुणाचा तरी वाढदिवस आणि केकच केक. संध्याकाळपर्यंत त्या चार ओळी वर कुठेतरी गाडल्या जातात. ती वाचक पुन्हा लिहीत नाही. भांडण काहीच झालेले नसते, तरी चर्चा संपलेली असते.

यावर आपण म्हणतो, पूर्वीची माणसे संयमी होती. ते काही खरे नाही. पुण्यात आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा निघाली. टिळकांशी मतभेद विकोपाला गेल्यावर त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि 1888 साली ‘सुधारक’ काढला. वाद कडवटच होता. पण उत्तर द्यायचे तर समोरचा लेख आधी वाचावा लागे, आणि साप्ताहिकाचा पुढचा अंक निघेपर्यंत विचार करायला उसंत मिळे. छापलेले नाकारता येत नसे. म्हणूनच तो वाद आजही मुळातून वाचता येतो.

माणसे तीच आहेत. मधली व्यवस्था पालटली. त्या बदलाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने मारून टाकले. तशा अफवा तेव्हा देशभर फोनवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. त्याने कुणाचे मन पालटले नसेल, पण हात जरा आखडला. सद्भावनेची वाट पाहत बसण्यापेक्षा नियम आधी करावेत, ते यासाठी.

चांगल्या नियमांचा नमुना मराठीतच आहे. मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे. तिथे प्रत्येक लेखाला जोडून चर्चा पान असते. म्हणणे मांडून झाले की चार टिल्डे (~~~~) टाकायचे. सदस्यनाव आणि वेळ आपोआप उमटते. नुसते ‘माझ्या मते’ चालत नाही, संदर्भ द्यावा लागतो. बदललेला मजकूर ‘इतिहास’ या दुव्याखाली पाहता येतो, त्यामुळे सहसा बोललेले फिरवता येत नाही. सामायिक प्रश्नांसाठी ‘चावडी’ आहे. खडाजंगी तिथेही होते. पण भांडणाऱ्या दोघांना अखेर एकच लेख लिहायचा असतो, म्हणून भांडण कुठेतरी पोचण्याची शक्यता राहते.

आपल्या गटांना हे का जमू नये? 1967 च्या ग्रंथालय कायद्याने उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत राज्यात हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत. पुस्तक आहे, वाचक आहे, विश्वास आहे. नाही तो कारभारी. गट काढणारा ‘ॲडमिन’ असतो. तो माणसे घेतो आणि काढतो, चर्चा चालवत नाही.

कारभाऱ्याने पंधरवड्याला एक पुस्तक आणि एकच प्रश्न द्यावा. मत मांडणाऱ्याकडून पान क्रमांक मागावा. शुभेच्छांसाठी वेगळा गट करावा. गप्प बसणाऱ्याला खासगीत विचारावे, ‘तुम्हाला काय वाटले?’ शब्द घसरला तर आधी वाक्य मागे घ्यायला लावावे; माणसाला काढणे हा शेवटचा उपाय. स्वतःचे मत त्याने सर्वांत शेवटी सांगावे. आणि पंधरवडा संपला की एक पानभर सारांश लिहावा, त्यात एकट्या पडलेल्याचे मतही यावे. ते पान ग्रंथालयात फाइलला लावावे.

ही मुस्कटदाबी नव्हे का, असे कुणी विचारील. सभेला अध्यक्ष असतो म्हणून कुणी सभेला मुस्कटदाबी म्हणत नाही. नियम सर्वांना आधी ठाऊक असावेत आणि कारभाऱ्यालाही लागू असावेत, एवढे पथ्य पाळले की पुरे.

माझी विनंती एकच आहे. परत गेल्यावर कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, कारभारी नेमा आणि त्याचे नाव इतिवृत्तात नोंदवा.