वडीलधाऱ्यांच्या आठवणी जपा



मुले बक्षिसे घेऊन व्यासपीठावरून उतरत होती, तेव्हा समोर बसलेल्या आजी-आजोबांकडे माझे लक्ष गेले. त्यांतील कित्येकांना शाळेची पायरी चढता आली नाही. त्यांची नातवंडे शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण शिकता शिकता 'आमच्या नानीला काय कळते?' असे मुलाच्या मनात येऊ लागले, तर आपल्या शिक्षणात काहीतरी चुकले असे समजावे.

या बाबतीत एक उदाहरण सांगतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात राबुन काउंटी हा लहानसा डोंगराळ भाग आहे. १९६६ साली तेथील एका शाळेत इंग्रजीचा तास मुलांना नकोसा झाला होता. तेव्हा वर्गाने स्वतःचे नियतकालिक काढायचे ठरवले. नाव ठेवले 'फॉक्सफायर'. कुजक्या लाकडावर वाढून अंधारात चमकणाऱ्या बुरशीला तिकडे असे म्हणतात. छपाईसाठी मुलांनी गावात वर्गणी जमवली आणि १९६७ साली पहिला अंक निघाला.

मजकुरासाठी मुले टेपरेकॉर्डर घेऊन आसपासच्या वृद्धांकडे गेली. ओंडक्यांचे घर कसे रचतात, धुराडे कसे बांधतात, घरी साबण कसा करतात, गोधडी कशी शिवतात, चंद्र पाहून पेरणी कशी ठरवतात, हे सारे त्यांनी विचारले. बाहेरचे लोक या डोंगरी माणसांना अडाणी म्हणून हसत. मुलांनी मात्र त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत उतरवून घेतले. १९७२ साली या लेखांचे पुस्तक निघाले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. त्या उत्पन्नातून जागा घेऊन जुनी लाकडी घरे जतन करण्यात आली. त्या काउंटीतील विद्यार्थी आजही हे काम करीत आहेत.

यातील खरा लाभ पैशाचा नव्हे. वर्गात ज्यांचे लक्ष लागत नव्हते, ती मुले आपल्याच वडीलधाऱ्यांपुढे शिष्य म्हणून बसली.

माझे नाना जहाजावर खलाशी होते. ते कोणकोणत्या बंदरांना लागले, पगार किती होता, घरी पत्र कोणाकडून लिहून घेत, यांपैकी एकही प्रश्न मी त्यांना विचारला नाही. मी परीक्षांच्या अभ्यासात होतो. आज विचारावेसे वाटते, पण सांगणारा उरला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याजवळ तर मोबाईल आहे. आधी परवानगी घ्या. सुरुवातीला नाव, गाव व तारीख बोलून ठेवा. 'जुना काळ कसा होता?' असे मोघम विचारू नका. लग्नात जेवण कोणी रांधले, विहीर कोणी खणली, १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट बुडाल्याची बातमी घरात कशी आली, असे नेमके विचारा. मध्ये बोलू नका. त्यांची बोली सुधारू नका. सालात चूक होऊ शकते, म्हणून घरातील जुन्या कागदांशी ताडून पाहा. शेवटी सारे वहीत उतरवून एक प्रत शाळेला द्या.

पालकांनो, मुलगा नानीजवळ तासभर बसला, तर 'अभ्यास कर' म्हणून त्याला उठवू नका. तो अभ्यासच करीत आहे.