एसी घेताना बिलात नसलेला खर्च
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)



अकोल्याचा मे महिना तुम्हाला काय सांगायचा! आमच्या घराने २५ उन्हाळे कूलरवर काढले. गेल्या वर्षी मात्र आईला रात्र-रात्र झोप लागेना, म्हणून दीड टनाचा एसी घेतला. मशीन ३८,००० चं. खरा खर्च पुढेच! जादा तांब्याचा पाइप, स्टँड, स्टॅबिलायझर, मीटरपासून वेगळी वायर, एमसीबी, अर्थिंग. आणखी १४,००० गेले.

एक खर्च तर बिलात नव्हताच. बाहेरच्या युनिटची गरम हवा खालच्या काकूंच्या खिडकीत जायची. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, नुसती खिडकी लावून घेतली. कळलं तेव्हा लाज वाटली. युनिट गच्चीवर हलवलं, ६,५०० लागले.

आपल्या इमारतीचं वायरिंग पंखे-कूलरच्या हिशेबाने झालेलं आहे. आता घरोघरी एसी येणार. म्हणून विनंती, की घेण्याआधी मीटरचा मंजूर भार बघा, युनिटची जागा शेजाऱ्यांना विचारून ठरवा आणि मेन केबलचं आपण सगळे मिळून बघू.

आई आता शांत झोपते. काकूंची खिडकीही उघडी असते.