वणवा आपोआप लागत नाही



होळी झाली की रात्री डोंगरावर लाल रेघ दिसते. आपण म्हणतो, "वणवा लागला." पण आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात.

हा हात कोणाचा? कोणी मोहफुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतो. कोणी तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून, तर कोणी ढोरांना कोवळे गवत मिळावे म्हणून काडी ओढतो. कोणी वावराचा धुरा पेटवतो आणि भाकरी खायला घरी जातो. वारा सुटतो, ठिणगी रानात शिरते. हे कोणी परके नाहीत. आपलेच भाऊबंद आहेत. म्हणून त्यांना समजावणे आपल्यालाच जमेल.

वणव्याने रोपे जळतात, गवताचे बी जळते. तितरासारखे पक्षी जमिनीवर अंडी घालतात, तीही भाजून जातात. मोठे नुकसान मात्र पावसाळ्यात कळते. पालापाचोळा पाणी धरून ठेवतो. तो जळाला की पाऊस उघड्या मातीवर आदळतो. माती वाहून पैनगंगेत जाते अन् विहिरीचा पाझर आटतो. आग लागते डोंगराला, तहान लागते गावाला!

मग करायचे काय? मोहाखाली पाला जाळू नका. झाडून काढा, जुने लुगडे अंथरा. गवत होळीआधीच कापून घरी आणा. धुऱ्याचा कचरा खड्ड्यात टाका, खत होईल. रानात विडी पेटती टाकू नका. वनरक्षकाबरोबर जाळरेषा साफ करा. त्याचा फोन नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. आता तुम्हांला तो वाचताही येतो!

आग दिसली की आधी कळवा. विझवायला जाणत्यांबरोबरच जा. आग चढावर वेगाने धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला उभे राहू नका. मुलांना नेऊ नका.

लोणार, ज्ञानगंगा, अंबाबरवा ही आपल्या जिल्ह्यातली अभयारण्ये. तिथे आग लावणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. १९२७ चा वन कायदा तर सांगतो की, राखीव जंगलात ज्यांना हक्क आहेत त्यांनी आगीची खबर द्यावी आणि ती विझवायला मदत करावी.

पण शिपाई प्रत्येक झाडाखाली उभा राहू शकत नाही. शेजाऱ्याच्या हातातली काडी शेजाऱ्यालाच दिसते. "दादा, थांब," एवढे म्हणायला लाजू नका. त्याला राग आला तर येऊ द्या. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही. म्हणून होळीच्या आधीच गावसभा घ्या आणि सर्वांच्या संमतीने ठराव करा.