सामायिक आज्ञावली : वैज्ञानिक सहकार्याचे एक उदाहरण

(शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. संशोधनास लागणारी मोठी आज्ञावली एकट्यादुकट्याच्या हातून सिद्ध होत नाही. ‘जिआन्ट-४’ हे याचे बोलके उदाहरण होय.

अणूहूनही सूक्ष्म कण पदार्थातून जाताना कोठे वळतील, किती ऊर्जा गमावतील, याचे गणित ही आज्ञावली मांडते. १९९३ साली जिनिव्हानजीकची ‘सर्न’ आणि जपानमधील ‘केईके’ या दोन संस्थांत, फोरट्रान भाषेतील जुनी आज्ञावली कशी सुधारावी, याचा अभ्यास स्वतंत्रपणे सुरू झाला. उद्दिष्ट एकच असल्याने पुढे दोन्ही गट एकत्र आले व १९९४ मध्ये संयुक्त प्रस्ताव मांडण्यात आला. युरोप, रशिया, जपान, कॅनडा व अमेरिका येथील सुमारे १०० शास्त्रज्ञ व अभियंते या कामी लागले. डिसेंबर १९९८ मध्ये ‘सी प्लस प्लस’ भाषेतील नवी आज्ञावली वापरासाठी उपलब्ध झाली.

खरी कसोटी मात्र पुढेच होती. आपल्या गोव्यातील खाजण शेतीचा बांध सर्वांचा असतो. पण त्याची देखरेख कोणी करायची हे ठरलेले नसेल, तर एका भगदाडातून शिरलेले खारे पाणी सर्वांचीच शेते नासवते. सामायिक आज्ञावलीचेही तसेच आहे. तिच्यातील एक अलक्षित चूक ती वापरणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत पोहोचते. आज कर्करोगावरील किरणोपचाराच्या अभ्यासात आणि अवकाशयानांवरील किरणोत्साराच्या गणितातही या आज्ञावलीचा उपयोग होतो. तेव्हा तिच्या अचूकतेचे मोल वेगळे सांगावयास नको.

म्हणूनच जानेवारी १९९९ मध्ये देखभालीसाठी व वापरकर्त्यांच्या साहाय्यासाठी कायमचे सहकार्यमंडळ स्थापन झाले. सहभागी संस्था लेखी कराराने बांधल्या गेल्या. पदार्थांची रचना, कणांच्या आंतरक्रिया, चाचणी, माहितीपुस्तिका अशा विषयांचे निरनिराळे कार्यगट नेमण्यात आले. आज्ञावलीने दिलेली उत्तरे प्रत्यक्ष प्रयोगांतील मोजमापांशी ताडून पाहिली जातात.

नव्या शोधाचा गौरव सर्वत्र होतो. जुनी चूक शोधून ती दुरुस्त करणारा बहुधा पडद्याआडच राहतो. विज्ञानाची सामायिक साधने टिकावयाची असतील, तर त्याच्या श्रमांची नोंद, त्याचे वेतन आणि त्याचा मान यांची तरतूद संस्थांनी आरंभीच केली पाहिजे. शिक्षकबंधूंनी विद्यार्थ्यांच्या मनावर हे बिंबवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.