शाळेतील इंटरनेटची चाळणी आणि गरिबाचे मूल

(एका अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या रक्षणासाठी म्हणून जो कायदा पुढे येतो त्याला विरोध करण्यास कोणताही लोकप्रतिनिधी सहसा धजत नाही. विरोध करणारा तत्काळ मुलांचा वैरी ठरतो. अमेरिकेत डिसेंबर २००० मध्ये 'चिल्ड्रेन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट' या नावाचा कायदा झाला, तेव्हा हेच घडले. अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली आणि अमेरिकेतील हजारो शाळांच्या संगणकांवर चाळणी बसली. या चाळणीला तिकडे फिल्टर म्हणतात. मुलाने एखादे संकेतस्थळ मागितले की ते दाखवावे की अडवावे, याचा निर्णय हे सॉफ्टवेअर क्षणार्धात करते. अश्लील चित्रांपासून मुलांना दूर ठेवावे हा हेतू गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. आईबापांना वाटणारी भीती खरी आहे आणि समाजवाद्यांनी तिची टिंगल करण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की चाळणीत कोंड्याबरोबर पीठही अडकू लागले तर त्याची दाद कोणाकडे मागायची आणि उपाशी कोण राहतो?

प्रथम कायद्याची भाषा पाहू. या कायद्याने शाळांना जे अडवण्यास सांगितले आहे ती चित्रे आहेत: अश्लील चित्रे, बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे आणि अल्पवयीनांना अपायकारक ठरतील अशी दृश्ये. मजकुराविषयी कायदा ही सक्ती करीत नाही. आत्महत्येचा विचार मनात आलेल्या मुलासाठी लिहिलेले मार्गदर्शन, स्तनाच्या कर्करोगाची माहिती, गर्भनिरोधनाविषयीचे शास्त्रीय विवेचन यांतले काहीही अडवावे असे कायदा सांगत नाही. फेसबुकसारखी स्थळे केवळ ती तशी आहेत एवढ्यावरून अपायकारक ठरत नाहीत, असे दळणवळणाचे नियमन करणाऱ्या अमेरिकन संघीय आयोगाने २०११ मध्ये स्पष्टही केले. तरीही शाळाशाळांतून हे सारे अडवले गेले. कायद्याने बोट मागितले आणि शाळांनी हात दिला. असे का झाले, याचे उत्तर नीतिशास्त्रात शोधण्यापेक्षा अर्थशास्त्रात शोधणे बरे.

या कायद्याची मेख अनुदानात आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्यान्वये अमेरिकेत शाळा व सार्वजनिक ग्रंथालये यांना इंटरनेट स्वस्तात मिळावे म्हणून 'ई-रेट' नावाची योजना सुरू झाली. हा पैसा दूरध्वनी कंपन्यांकडून घेतला जातो आणि कंपन्या तो ग्राहकांच्या बिलातून वसूल करतात. शाळेत गरीब मुले किती, म्हणजे दुपारचे जेवण फुकट वा सवलतीत मिळण्यास पात्र मुलांचे प्रमाण किती, त्यावर सवलत ठरते. ती २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत जाते. योजना निःसंशय पुरोगामी आहे. परंतु २००० च्या कायद्याने अट घातली की इंटरनेटसाठी ही सवलत हवी असेल तर चाळणी बसवलीच पाहिजे. ज्या जिल्ह्यात सुखवस्तू लोक राहतात त्या जिल्ह्याची शाळा २० टक्के सवलतीवर पाणी सोडून 'आमच्या शिक्षकांवर आमचा विश्वास आहे' असे म्हणू शकते. ९० टक्के सवलतीवर चालणाऱ्या शाळेला असे म्हणण्याची मुभा कोठून असणार? गरिबाच्या शाळेला अनुदान हवे असेल तर आपल्या मुलांच्या ज्ञानावर पहारा बसवणे भाग आहे, आणि त्या पहारेकऱ्याचा पगार मात्र शाळेने स्वतःच द्यायचा, कारण चाळणीच्या सॉफ्टवेअरवर ही सवलत मिळत नाही!

आता चाळणी काम कशी करते ते पाहा. अब्जावधी पाने माणसांनी वाचून त्यांची वर्गवारी करणे अशक्य आहे. म्हणून खासगी कंपन्या यंत्राच्या साहाय्याने पाने निरनिराळ्या वर्गांत टाकतात. जुगार, शस्त्रे, अमली पदार्थ, लैंगिकता, 'पर्यायी जीवनशैली' अशी त्या वर्गांची नावे असतात. शाळेचा तंत्रज्ञ पडद्यावर या वर्गांपुढे खुणा करतो. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाला वा ग्रंथपालाला हे काम सहसा विचारून होत नाही. यंत्राला शब्द दिसतो, अर्थ दिसत नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधील स्कनथॉर्प या गावच्या रहिवाशांना एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या सेवेत नावच नोंदवता येईना, कारण गावाच्या नावात चार अक्षरांची एक शिवी दडलेली होती. हा किस्सा हसण्यावारी नेला जातो. यंत्रे त्यानंतर पुष्कळ हुशार झाली हे मान्य करूनही, कोणती पाने कोणत्या वर्गात टाकली याची संपूर्ण यादी कंपन्या व्यापारी गुपित म्हणून दडवतात, ही गोष्ट हसण्यासारखी नाही.

या विषयात एक मोजमाप असे आहे की ते प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे. कैसर फॅमिली फाउंडेशनच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये शाळांतून व ग्रंथालयांतून वापरल्या जाणाऱ्या चाळण्या तपासल्या. चाळणी अगदी सैल ठेवली तर अश्लील स्थळांपैकी ८७ टक्के अडत होती आणि आरोग्यविषयक उपयुक्त स्थळांपैकी १.४ टक्के अडत होती. चाळणी पुरती आवळली तेव्हा अश्लील स्थळे अडण्याचे प्रमाण ९१ टक्क्यांवर गेले आणि आरोग्याची स्थळे अडण्याचे प्रमाण २४ टक्क्यांवर! सीमान्त खर्च व सीमान्त लाभ यांचा विचार अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. येथे चार टक्क्यांच्या जादा लाभासाठी आरोग्यविषयक ज्ञानाचा जवळजवळ चौथा हिस्सा मोजला गेला. शहाणा दुकानदार असा व्यवहार करणार नाही. पण शाळेचा प्रशासक करतो, आणि त्याचे कारण त्याच्या मूर्खपणात नाही. एखाद्या मुलाने नको ते चित्र पाहिले तर पालक तक्रार करतात, वर्तमानपत्रात बातमी येते, त्याची नोकरी धोक्यात येते. उलट एखाद्या मुलीला हवी ती माहिती मिळाली नाही, तर तिची तक्रार कोठे नोंदली जाते? न मिळालेल्या ज्ञानाचा पंचनामा होत नाही. मग सुक्याबरोबर ओले जळाले तरी आग लावणाऱ्याला त्याची झळ लागत नाही.

ग्रंथालयांनी या कायद्याविरुद्ध दाद मागितली होती. पेनसिल्व्हेनियातील संघीय न्यायालयाने २००२ मध्ये, चाळण्या निर्दोष पाने दहा हजारांच्या पटीत अडवतात असे मान्य करून ग्रंथालयांपुरता कायदा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने जून २००३ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी तो पुन्हा उभा केला. मुख्य न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांचा युक्तिवाद असा की प्रौढ वाचकाने ग्रंथपालाला सांगितले तर चाळणी काढता येते, तेव्हा बिघडले कोठे? बिघडले ते येथे की लाजेचा विषय असेल तर माणूस सांगत नाही. शिवाय या खटल्यात शाळांचा प्रश्न नव्हताच. सवलत घेणाऱ्या शाळेत चाळणी बाजूला सारण्याची कायद्यातील मुभा प्रौढांच्या वापरापुरती आहे. चौदा वर्षांच्या मुलाने फार तर, चुकून अडलेले पान उघडून द्या असा अर्ज करायचा आणि वाट पाहायची. गृहपाठ उद्या द्यायचा असतो.

या ठिकाणी र. धों. कर्व्यांची आठवण येणे अपरिहार्य आहे. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना 'समाजस्वास्थ्या'त सरळ उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. निर्णय अन्यायाचा होता. तथापि त्या अन्यायाला नाव होते, कलम होते, न्यायाधीश होता, बचावाचे भाषण होते. म्हणूनच आज इतक्या वर्षांनंतरही त्या निर्णयाची चिकित्सा करता येते. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला, तोही निर्णय उघड होता आणि त्याविरुद्ध बोलता आले. अमेरिकेतील शाळेच्या पडद्यावर जेव्हा 'हे पान उपलब्ध नाही' अशी पाटी येते, तेव्हा आरोपी कोण, फिर्यादी कोण आणि निकाल कोणी दिला, यांपैकी काहीच कळत नाही. सेन्सॉरशिप आहे, पण सेन्सॉर बेपत्ता आहे.

तो बेपत्ता सेन्सॉर तटस्थ असतो हा समजही मिसुरी राज्यातील कॅम्डेंटन शाळा-जिल्ह्याच्या खटल्याने खोटा ठरवला. तेथील चाळणी समलिंगी मुलांना आधार देणारी स्थळे 'लैंगिकता' या वर्गात टाकून अडवीत होती. समलिंगींचा धिक्कार करणारी स्थळे मात्र 'धर्म' या वर्गात असल्याने खुली होती. संघीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये ही चाळणी पक्षपाती ठरवून शाळेला मनाई केली. पुढे तडजोड झाली आणि शाळा-जिल्ह्याला खटल्याच्या खर्चापोटी सव्वा लाख डॉलर द्यावे लागले. एका जिल्ह्यात संघटनांनी लढा दिला म्हणून हे उजेडात आले. 'द मार्कअप' या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये अनेक शाळा-जिल्ह्यांच्या नोंदी मिळवल्या, तेव्हा लैंगिक शिक्षणाची व आत्महत्या-प्रतिबंधाची स्थळे अजूनही अडवली जात असल्याचे दिसले.

या साऱ्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. सुखवस्तू मुलाच्या खिशात स्वतःचा फोन असतो, घरी स्वतःचा संगणक असतो. शाळेची चाळणी त्याच्या दृष्टीने सहा तासांची गैरसोय. २०२० च्या महासाथीत शाळांनी लक्षावधी मुलांना संगणक घरी नेण्यास दिले, हे स्वागतार्हच होते. पण पुष्कळ ठिकाणी शाळेची चाळणी त्या संगणकाबरोबर घरी गेली. ज्या घरात दुसरे साधन नाही त्या घरातील मुलाला रात्री अकरा वाजताही तेवढेच जग दिसते जेवढे शाळेच्या तंत्रज्ञाने खुणा करून ठेवले आहे. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१४ च्या आपल्या अहवालात याच विषमतेवर बोट ठेवले होते.

शाळांनी कायद्यापेक्षा अधिक काही अडवू नये, अडवलेल्या पानावर कारण लिहावे, शिक्षकाला व ग्रंथपालाला ते पान तेथल्या तेथे उघडण्याचा अधिकार असावा आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या चाळणीची यादी सार्वजनिक असावी, एवढ्या मागण्या कोणत्याही लोकशाहीवाद्याला मान्य व्हाव्यात. त्या कायद्यातच शाळेने आपले इंटरनेट-धोरण ठरवताना जाहीर सूचना देऊन निदान एक जाहीर बैठक घ्यावी असे म्हटले आहे. बैठकीत धोरण वाचले जाते, यादी वाचली जात नाही.

हे दूरदेशीचे प्रकरण म्हणून सोडून देता येणार नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानेही ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या संलग्न शाळांना संगणकांवर चाळणी व देखरेखीची व्यवस्था बसवण्याच्या सूचना दिल्या आहेत. ज्या शाळा सरकारी वा अनुदानित आहेत त्यांच्याकडे २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करता येतो. कोणते सॉफ्टवेअर बसवले आणि त्याला किती पैसे मोजले. कोणते वर्ग बंद केले. ते कोणी ठरवले. शिक्षकांनी किती पाने उघडून मागितली आणि ती किती दिवसांनी उघडली. अर्जात एवढे चार प्रश्न पुरेत.